'दत्तकपणाचा आत्मा' आणि आमच्या लोखंडी कपाटातला एक कागद

गुलबक्षी

एरवी मी वाचनमात्र. पण मागे इथे कुणीतरी विचारलं होतं की ख्रिस्ती मराठीत 'पाळक' (चर्चचा धर्मगुरू), 'मंडळी' (चर्चची माणसं), 'उपासना' हे शब्द वेगळ्याच अर्थाने कसे काय येतात. तिथे प्रतिसाद लिहायला बसले, तो फारच लांबला, म्हणून हा वेगळा धागा.

माझा शब्द 'दत्तकपणा'. बोलताना आपण 'दत्तक घेतलं', 'दत्तक गेला' म्हणतो. 'दत्तकपणा' मी फक्त पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, वाचलाय. रोमकरांस पत्र, आठवा अध्याय, पंधरावं वचन. पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, पुन्हा भीतीत राहावं असा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही, 'दत्तकपणाचा आत्मा' मिळालाय, आणि त्याच्या जोरावर आपण देवाला 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती वस्ती असलेलं. शाब्बाथ शाळेत हे वचन पाठ करून घ्यायचे. बाकीची पोरं एका दमात म्हणून मोकळी व्हायची, मी 'दत्तक'पाशी अडखळायचे. वर्गात खरीखुरी दत्तक मी एकटीच, आणि ते गावाला माहीत होतं. एकदा बाईंनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "बघा, ही जशी हिच्या आईबाबांची झाली, तसे आपण सगळे देवाचे." बाईंच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण पुढचे दोन महिने पोरं मला 'अब्बा' म्हणून हाका मारत होती.

लहानपणी मला एक भीती होती. चुकले तर परत पाठवतील. कुणी तसं कधी म्हटलं नव्हतं, माझं मीच धरून बसले होते. त्यामुळे मी अतिशय गुणी मुलगी होते. न सांगता भांडी घासायची, उलट उत्तर द्यायचं नाही, ताटात पडेल ते खायचं. आत्या आईला म्हणायच्या, "नशीब काढलंस, पोटची पोरंसुद्धा अशी नसतात." आई गप्प बसायची. तिला बहुधा कळत होतं की घरात मूल कमी आणि पाहुणी जास्त आहे.

पुढे कॉलेजात असताना तेच वचन वाचलं आणि पहिल्यांदा 'दत्तक'वर नजर न अडकता 'भीती'वर अडकली. दास आणि लेकरू एकाच घरात राबतात. काम तेच, जेवणही कदाचित तेच. पौल फरक करतो तो भीतीवरून. म्हणजे मी लेकरू असून दासाच्या हिशेबाने जगत होते.

आता कागदाची गोष्ट. १९९९ साली मला २१ पूर्ण झाली तेव्हा बाबांनी लोखंडी कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात १९७९ चा कोर्टाचा आदेश. त्या आदेशात मी 'दत्तक' नव्हतेच! 'पाल्य' होते, आणि बाबा 'पालक'. ख्रिस्ती माणसाला तेव्हा कायद्याने दत्तक घेताच येत नव्हतं. बाबा म्हणाले, "हा कागद आज संपला. कायद्याच्या लेखी आता तू माझी कोणी नाहीस. म्हणून दुसरा करून ठेवलाय." दुसरा कागद म्हणजे मृत्युपत्र.

ज्यांच्या धर्मशास्त्रातून हा शब्द उचलला त्या हिंदूंना दत्तकाचा हक्क होता, आणि जे दर रविवारी स्वतःला देवाचे दत्तक म्हणवून घेतात त्यांना नव्हता. या विनोदावर मला अजून नीट हसता आलेलं नाही.

तर विचारायचं हे, की 'दत्तक' ऐकल्यावर तुमच्या मनात पहिलं काय येतं? देवाच्या बाबतीत हा शब्द तुम्हाला दुय्यम वाटतो का? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा.

टिपणवही

पहिलं काय येतं? 'प्राणिसंग्रहालयातला बिबट्या दत्तक घ्या.' शब्दाची पार रया गेलीये. आता गावं दत्तक, रस्त्यावरचे दुभाजक दत्तक. वाचतोय.

कोर्टाची पायरी

गुलबक्षी, तुमच्या बाबांना कायदा चांगला समजला होता. मी कौटुंबिक प्रकरणं चालवतो, म्हणून थोडं सविस्तर.

१९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी, ज्यू यांच्यासाठी उरला १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्यात मूल तुमच्या ताब्यात येतं, तुमचं होत नाही. ते सज्ञान झालं की पालकत्व संपलं. बाकीच्यांसाठी सज्ञान वय १८, पण कोर्टाने पालक नेमलेला असेल तर तेव्हा २१. म्हणून तुमचं पाकीट एकविसाव्या वर्षी उघडलं. मृत्युपत्र केलं नसतं तर वारसाहक्काच्या वेळी चुलते-आत्या पुढे आल्या असत्या आणि तुम्ही मागे.

सगळ्या धर्मांना चालेल असं दत्तक विधेयक १९७२ मध्ये संसदेत आलं होतं. विरोध झाला, बारगळलं. १९८० मध्ये पुन्हा आलं, पुन्हा तेच. वाट मोकळी झाली ती बाल न्याय कायद्याने, २००० चा कायदा आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती. २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की या कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. आता २०१५ चा कायदा आहे, आणि तोही सर्वांसाठी.

नास्तिक_नाना

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्दा पटत नाही. माणूस दत्तक का घेतो? पिंड पडावा, वंश चालावा, वतन बुडू नये. सगळी गरज बापाची. देवाला कसला वंश आणि कसली इस्टेट? आणि वारसा मिळतो बाप गेल्यावर. तुमचा बाप तर मरतच नाही. मग वारसा कधी उघडणार? रूपक पहिल्याच पायरीवर लंगडतंय.

रोमराज्य

नाना, प्रश्न झकास. पण पौलाच्या डोक्यात आपलं दत्तकविधान नव्हतं, रोमन होतं. आणि रोमन दत्तक बघितला की प्रवचनांतलं ते 'अनाथ बाळ दारात सापडलं' वगैरे चित्र बऱ्यापैकी कोसळतं.

मूळ ग्रीक शब्द 'हुइओथेसिआ', म्हणजे पुत्राच्या जागी बसवणं. नव्या करारात तो पाच वेळा येतो, पाचही वेळा पौलाच्या नावच्या पत्रांत: रोमकरांसमध्ये तीनदा, गलतीकरांस आणि इफिसकरांसमध्ये एकेकदा. रोममध्ये ज्याला दत्तक घेत तो बऱ्याचदा मिशा फुटलेला पुरुष असे. बापाची सत्ता इतकी जबर की मुलगा चाळिशीचा असला तरी बापाच्या मुठीत. ती सत्ता तोडायला मजेशीर नाटक करावं लागे. पाच साक्षीदार, एक तराजू धरणारा, आणि बापाने मुलगा विकायचा. एकदा विकला, सुटून परत आला. दुसऱ्यांदा विकला, परत आला. तिसऱ्यांदा विकला की बाराफळ्यांच्या जुन्या कायद्याप्रमाणे बापाचा हक्क कायमचा तुटला. मग नवा बाप न्यायाधिकाऱ्यापुढे म्हणणार, 'हा माझा.' नाव बदललं, कुलदैवत बदललं. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या माणसाचं दत्तक व्हायचं असेल तर वेगळा विधी होता, त्यात त्याची जुनी कर्जंही कायद्याने पुसली जात. सावकारांनी बोंब मारली म्हणून पुढे त्यावर उपाय काढावे लागले.

आता खरी गंमत. ज्युलियस सीझरने मृत्युपत्रातून ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलं. सीझरला देव ठरवल्यावर हा झाला 'देवाचा पुत्र', आणि तसं नाण्यांवर छापलं. त्याने, म्हणजे पुढच्या ऑगस्टसने, इ. स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतलं. त्याच्याही नाण्यावर 'दैवी ऑगस्टसचा पुत्र'. येशूने "हा मुखवटा कोणाचा?" विचारलं ते नाणं बहुधा हेच, असं अभ्यासक मानतात. पुढे क्लॉडियसने इ. स. ५० मध्ये नीरोला दत्तक घेतलं. पोटचा ब्रिटॅनिकस घरात असताना! गादी नीरोला मिळाली आणि ब्रिटॅनिकस ५५ मध्ये जेवणाच्या पंक्तीत मेला. पौलाचं रोमकरांस पत्र साधारण ५७ चं. त्या शहरातल्या माणसाला 'दत्तक' म्हटल्यावर 'बिच्चारा' आठवणार नाही. सिंहासनावरचा माणूस आठवेल.

अवांतर: नीरोला क्लॉडियसच्या मुलीशी, ऑक्टेव्हियाशी, लग्न करायचं होतं. कायद्याने ती बहीण झालेली. मग तिलाच दुसऱ्या घरात दत्तक दिलं. सगोत्राची अडचण अशी सोडवली.

मालेगावचा_माणूस

रोमला कशाला जायचं, आमच्याकडे या. आमच्या भागातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी दत्तक घेतला, तोच महाराजा सयाजीराव. गादीसाठी पोरं गोळा केली तेव्हा "कशाला आलास?" विचारल्यावर "राज्य करायला" म्हणाला, असं आमच्याकडे सांगतात. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला, तो शाहू महाराज. महाराष्ट्रात दत्तकाला कमी लेखणाऱ्याने आधी या दोघांकडे बघावं.

आणि दत्तक नाकारल्यावर काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. सातारा १८४८, नागपूर, झाशी. 'पोटचा नाही' म्हणून राज्यं खालसा केली ती साहेबाने. आणि त्याच साहेबाच्या शास्त्रात हा शब्द!

गुलबक्षी

मालेगावकर, ही शेवटची ओळ मी आज डायरीत लिहून ठेवली.

रोमराज्य, नीरोचं माहीत नव्हतं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे मोठ्या माणसाचं दत्तक. लहान मुलाला कुणी विचारत नाही. मोठा माणूस जुनं घर, जुनं नाव सोडून जातो ते त्याला कळत असतं.

नाना, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. गरज बापाची असते हे खरं, आणि म्हणूनच मला ते रूपक उलटं वाचताना हलकं वाटतं. ज्याला वारस नको, पिंड नको, म्हातारपणी काठी नको, तो घेतो. माझ्यावर उपकाराची परतफेड करायचा दाब होता, कारण माणसांच्या घरात ती अपेक्षा असतेच, कुणी बोलो न बोलो. तिथे परतफेडीला जागाच नाही. मृत्यूचं उत्तर सध्या माझ्याकडे नाही.

शमा

थोडं वेगळं. माझ्या घरी वारकरी परंपरा. विठ्ठल माउली आणि आपण लेकरं, यात मधे विधी नाही, कागद नाही. श्वेताश्वतर उपनिषदात माणसांना 'अमृतस्य पुत्राः' म्हटलंय आणि विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोत तेच सांगितलं, की तुम्ही अमृताची लेकरं, तुम्हाला पापी म्हणणं हेच पाप. सगळेच जन्मतः देवाची लेकरं असतील तर दत्तक घ्यायची वेळ का यावी? दत्तक म्हटलं की आधी परके होतो हे आलंच. मला ते टोचतं. भांडायचं नाहीये, खरंच विचारतेय.

पाळकांचा_नातू

शमाताई, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्रातही जुनाच आहे, आणि पौल स्वतः दोन्ही बोलतो. अथेनैमध्ये (अथेन्समध्ये) अरीयपगाच्या टेकडीवर भाषण करताना तो एका ग्रीक कवीची ओळ उचलून सांगतो की आपण सगळे त्याचा वंश आहोत (प्रेषितांची कृत्ये १७). म्हणजे निर्मितीच्या नात्याने सगळेच. पण रोमकरांसमध्ये तो ज्या नात्याबद्दल बोलतोय ते तुटलेलं नातं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, वाटणी घेऊन घर सोडून गेलेला धाकटा मुलगा रक्ताने मुलगाच होता, तरी डुकरांत बसलेला होता. 'आधी परके होतो' हे टोचतं खरं. टोचावं असंच ते लिहिलंय, असं माझं मत.

शुभवर्तमान लिहिणारा योहान मात्र 'दत्तक' शब्द वापरत नाही. तो जन्माची भाषा बोलतो. निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला नव्याने जन्म घ्यावा लागेल, देवापासून जन्मलेले, वगैरे. पौलाला कोर्ट दिसतं, योहानाला बाळंतिणीची खोली. वेस्टमिन्स्टरच्या विश्वास-अंगीकारात, म्हणजे १६४० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या त्या प्रसिद्ध प्रॉटेस्टंट मसुद्यात, दत्तकपणाला स्वतंत्र प्रकरण आहे, बारावं, आणि ते जेमतेम एका वाक्याचं. आमचे आजोबा पाळक होते. ते म्हणायचे, निर्दोष सुटलेला आरोपी कोर्टातून आपल्या घरी जातो. इथे न्यायाधीशच त्याला स्वतःच्या घरी जेवायला नेतो.

एक मुद्दा कुणीच काढला नाही. येशू स्वतः कायद्याने कुणाचा? मत्तयाच्या शुभवर्तमानातली वंशावळ अब्राहामापासून निघून दाविदावरून मरीयेच्या नवऱ्यावर, योसेफावर येते, आणि योसेफ तर जन्मदाता नाही. दूत योसेफाला सांगतो, 'तू त्याचं नाव येशू ठेव.' बापाने नाव ठेवलं की मूल त्याचं. एका अर्थी ते बारसं हेच दत्तकविधान. 'दाविदाचा पुत्र' ही पदवी सुताराच्या त्या एका होकारावर उभी आहे.

(मात्र देवाच्या संदर्भात येशूला दत्तक म्हणायला जाऊ नका. स्पेनमध्ये आठव्या शतकात काहींनी म्हटलं, ७९४ मध्ये फ्रँकफर्टच्या धर्मसभेने ते खोडून काढलं. तो स्वभावाने पुत्र, आपण कृपेने.)

वसईवाला

आमच्याकडे कॅथलिकांत हे सगळं स्नानसंस्काराला बांधलेलं. पाणी पडलं की तू देवाचं लेकरू. धर्ममाता-धर्मपिता उभे, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. त्यामुळे 'मी कधी दत्तक झालो' हा प्रश्न आमच्या लोकांना पडत नाही, तारीख चर्चच्या वहीत असते. प्रॉटेस्टंट मित्रांना विचारलं की ते विश्वास धरल्याचा दिवस सांगतात. यावर आमच्या गावात एक लग्न मोडायची वेळ आली होती, ते पुन्हा कधीतरी.

भाषेबद्दल एक. प्रार्थनेत आपण देवाला 'पित्या' म्हणतो, हे फार धोतर-उपरण्यातलं. 'अब्बा, बापा'तला 'बापा' मात्र घरातला आहे. रेव्हरंड टिळकांनी तर ख्रिस्ताला आई म्हणून आळवलं. शमाताईंची माउली आमच्या मराठी ख्रिस्ती भजनातही आहे.

सांजवेळ

मी ख्रिस्ती नाही. सहा वर्षांपूर्वी 'कारा'मार्फत (दत्तक देण्याचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) लेक आली, आता साडेसात वर्षांची आहे. गुलबक्षी, 'पाहुणी जास्त' हे वाचून फोन बाजूला ठेवला. माझीही फार शहाणी आहे. कालच चहाचा कप फुटला तर अर्धा तास कपाटामागे लपली. मी ओरडलेही नव्हते. काय करू? तुमच्या आईने काय केलं?

आणि एक चौकशी. 'पुत्राच्या जागी बसवणं' म्हणजे मुलींचं काय? १९५६ आधी आपल्याकडेही शास्त्राने मुलगी दत्तक घेता येत नव्हती ना?

कोर्टाची पायरी

बरोबर. जुन्या शास्त्रात दत्तक फक्त मुलगा. विधवेने नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेणं आपल्या मुंबई इलाख्यात चालायचं, बंगालमध्ये नाही, पण घ्यायचा मुलगाच. मुलीला वाट १९५६ ला मिळाली.

रोमराज्य

पौल मुद्दाम 'पुत्र' शब्द ठेवतो असं मला वाटतं. गलतीकरांसमध्ये 'तुम्ही सगळे पुत्र' म्हणून दोन वचनांवर लगेच 'दास नाही, स्वतंत्र नाही, पुरुष नाही, स्त्री नाही.' घरातली गुलाम बाई हे पत्र ऐकत बसली असेल तर तिला पुत्राचा वाटा मिळाला. 'मुलं' असं सपाट भाषांतर केलं की तो झटका जातो.

गुलबक्षी

सांजवेळ, आईने जे केलं ते धोरण म्हणून केलं की राग आला म्हणून, मला ठाऊक नाही. मी दहा वर्षांची असेन. कालवण सांडलं आणि मी जमिनीवर बसून पदराने, म्हणजे तिच्याच जुन्या साडीच्या फडक्याने, पुसत "सॉरी सॉरी" करत होते. ती म्हणाली, "ऊठ. कामवाली आहेस का?" आणि स्वतःच्या हातातली वाटी मुद्दाम ओतली त्यावर. मग दोघी हसलो. एकदम बरी झाले असं नाही. पण पुढच्या आठवड्यात मी पहिल्यांदा भाकरी नको म्हणून भांडले. आत्याने तोंड वाकडं केलं, आईने पेढे वाटायचे बाकी ठेवले.

नातूसाहेबांनी लूकचा पंधरावा अध्याय काढला म्हणून. धाकटा मुलगा घरी येताना वाक्य पाठ करून येतो: 'मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा.' बाप भेटल्यावर पहिला भाग म्हणतो, 'तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही.' मजुराचं वाक्य येतच नाही, बाप मधेच अंगरखा नि अंगठी मागवतो. आणि थोरला, जो कधी घर सोडून गेला नाही, तो म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. पोटचा, आणि भाषा नोकराची! आमच्या आत्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

नाना, राहिलेलं अर्धं उत्तर. याच आठव्या अध्यायात पौल पंधराव्या वचनात म्हणतो दत्तकपणाचा आत्मा मिळाला, आणि आठच वचनांनंतर म्हणतो आपण दत्तकपणाची वाट बघत कण्हतोय. मिळालंय की मिळायचंय? पंडित लोक यावर पानंच्या पानं लिहितात. मला ते सरळ कळतं. १९७९ पासून मी त्या घरात होते, ताट माझं होतं, बाबा माझे होते. कागद मात्र यायचा होता. वीस वर्षं दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. वारसा म्हणाल तर पौल त्याला 'सोबतीचे वारीस' म्हणतो, ख्रिस्ताबरोबरचे. आणि तिथे मरण येतं ते बापाचं नाही, मुलाचं येतं. हे मी तुम्हाला पटवायला सांगत नाहीये. आमच्यात हिशेब असा मांडतात, एवढंच.

बाबा २०१६ मध्ये गेले. मृत्युपत्र काढायची वेळ आली नाही, आत्या स्वतःच सही करायला आल्या. दफनाच्या दिवशी मंडळीचे सेक्रेटरी नोंदवहीत लिहीत होते. 'मयताशी नाते' या रकान्यापाशी आले, माझ्याकडे न बघता 'मुलगी' लिहिलं आणि पुढे 'वेळ किती धरू?' म्हणून विचारलं.

नास्तिक_नाना

रूपक लंगडत नाही, मान्य. देव मान्य नाही, पण धागा वाचनखुणांत ठेवला.

टिपणवही

वसईवाले, ते लग्नाचं कधी लिहिताय?

सांजवेळ

आज मुद्दाम वाटी सांडून पाहिली. लेकीने मलाच पुसायला फडकं आणून दिलं आणि म्हणाली, "आई, बघून काम करत जा." काय समजायचं ते समजा.

नीरोची गोष्टही सांगितली तिला, दत्तक मुलगा राजा झाला म्हणून. आता तिला ऑक्टेव्हियाचं पुढे काय झालं ते हवंय.

रोमराज्य

नका सांगू. इ. स. ६२ मध्ये नीरोनेच मारवली तिला. सयाजीराव सांगा.